दार लावून घ्या, पण आधी पुकारा करा

मा. मुख्य न्यायमूर्ती, मुंबई उच्च न्यायालय
आणि
मा. प्रधान सचिव, विधी व न्याय विभाग, महाराष्ट्र शासन
यांना पुण्याहून खुले पत्र

महोदय,

माझी आत्या ८३ वर्षांची आहे. तिनं लग्न केलं नाही. नारायण पेठेतल्या वाड्यात ती वाढली. वाडा पाडून इमारत झाली तेव्हा त्याच जागेत तिच्या वाट्याला दोन खोल्या आल्या, आणि माध्यमिक शाळेत ३१ वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाल्यावर ती तिथेच राहत होती. पेठेत तिला सगळे ‘बाई’ म्हणतात. पाच वर्षांपूर्वी तिला डिमेन्शिया असल्याचं निदान झालं.

मंगळवारी आणि शनिवारी मी कोथरूडहून तिच्याकडे जायचे. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी घारगे घेऊन गेले, तर दाराला नवं कुलूप. समोरच्या काकू दार किलकिलं करून म्हणाल्या, “अगं, सकाळीच गाडी आली होती. तुझा भाऊ होता, दोन बायका होत्या. बाईंना घेऊन गेले. बाई चष्मा विसरल्या म्हणून परत वर आल्या, तेवढंच.” माझ्या हातात डबा तसाच. जिन्यातच उभी राहून चुलतभावाला फोन लावला. तो म्हणाला, “कोर्टाची ऑर्डर आहे. मी आता गार्डियन आहे. सगळं इन कॅमेरा झालंय, त्यामुळे मला त्यावर बोलता येणार नाही.”

आत्याबद्दल एक न्यायालयीन प्रकरण चालू होतं, त्याच्या तारखा पडत होत्या, त्यात तिनं कुठे राहायचं ते ठरलं, आणि आठवड्यातून दोनदा तिच्या स्वयंपाकघरात उभ्या राहणाऱ्या मला ते त्या जिन्यात कळलं. माझ्या धाकट्या बहिणीला ते मी सांगितल्यावर कळलं. बडोद्याला असलेल्या दुसऱ्या काकांच्या मुलीला अजूनही नीट समजलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी कोर्टात गेले. कोणतं कोर्ट ते लिहीत नाही, कारण माझी तक्रार एका न्यायाधीशांविषयी किंवा एका खिडकीविषयी नाही. खिडकीपलीकडच्या माणसानं मला चांगल्या शब्दांतच विचारलं, “तुम्ही पक्षकार आहात का?” नाही म्हटल्यावर म्हणाला, “मग नक्कल मिळणार नाही ताई. इन कॅमेरा मॅटर आहे. वकिलामार्फत कारण दाखवून अर्ज करा.” मी म्हटलं, मी तिची भाची आहे. तो म्हणाला, “भाची असाल हो, पण पक्षकार नाही ना.” अर्ज केला आहे. तो प्रलंबित आहे.

‘इन कॅमेरा’ म्हटलं की अनेकांना वाटतं आत चित्रीकरण होतं. लॅटिनमध्ये कॅमेरा म्हणजे खोली. बंद खोलीत, बाहेरच्या कुणालाही आत न घेता चालवलेलं काम, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ च्या दुरुस्तीनं कौटुंबिक बाबींसाठी आदेश ३२-अ आला. कुटुंबातल्या अक्षम व्यक्तीच्या पालकत्वाची प्रकरणंही त्यात येतात. त्याचा नियम २ सांगतो की न्यायालयाला वाटलं तर कामकाज बंद खोलीत चालवता येईल, आणि कोणत्याही एका पक्षकाराची तशी इच्छा असेल तर ते बंद खोलीतच चालवावं लागेल. नवरा-बायकोच्या भांडणात हा नियम शहाणपणाचा आहे. दोघंही समोर असतात, दोघांनाही बोलता येतं, घरातली लाज घरात राहते. पण ज्या प्रकरणात समोरचा पक्षकार म्हणजे आज वार कोणता ते न सांगता येणारी म्हातारी बाई, तिथे ‘कोणत्याही पक्षकाराची इच्छा’ म्हणजे अर्ज करणाऱ्याचीच इच्छा. तो दार लावा म्हणाला की न्यायालयाला दार लावणं भाग पडतं. ‘लावू नका, माझ्या भाच्यांना आत घ्या,’ असं म्हणणारं दुसरं कुणी त्या खोलीत असतच नाही.

मी चुलतभावाला खलनायक ठरवायला हे लिहीत नाही, आणि तो हे वाचणार आहे. आत्याचं रात्रीचं भटकणं सुरू झालं तेव्हा पहाटे तीनला लकडी पुलावर तिला शोधायला तोच गेला होता. एकदा गॅस चालू राहिला, शेगडीवरचं दूध जळून घरभर धूर झाला, तेव्हा कुलूप तोडून आत तोच शिरला. कामाला लावलेल्या दोन बायका महिनाभरात सोडून गेल्या. तो थकला होता. कदाचित तिला देखभाल केंद्रात ठेवणं हाच बरोबर निर्णय असेल. मला विचारलं असतं तर आठ दिवस रडून मीही हो म्हटलं असतं. पण विचारलं असतं तर मी हेही सांगितलं असतं की ती संध्याकाळी सहाला दिवा लावल्याशिवाय बसत नाही, आणि ते करू दिलं नाही तर तिची रात्र बिघडते. की डाव्या कानानं तिला ऐकू येत नाही, त्यामुळे डावीकडून प्रश्न विचारला तर ती नुसती हसते आणि डॉक्टर लिहितात की रुग्ण प्रतिसाद देत नाही. हे कुठल्याही वैद्यकीय प्रमाणपत्रात नसतं. ते दोन-तीन माणसांना माहीत असतं. त्या माणसांना नोटीस गेली नाही.

आणि तिला स्वतःला? तिचं म्हणणं कुणी ऐकलं का? न्यायाधीशांनी तिला समोर बसवून पाहिलं, की प्रमाणपत्रावर भागवलं, हे मला कळायला मार्ग नाही, कारण खोली बंद होती. दर नोव्हेंबरला आम्ही दोघी रिक्षानं तिच्या बँकेत जायचो. निवृत्तिवेतनधारकांच्या यादीत आपल्या नावापुढे सही करून हयात असल्याचं दाखवायला. रांगेत ती प्रत्येकाच्या हातातला फॉर्म वाकून बघायची. मागच्या खेपेला सही करताना थांबली, बराच वेळ पेन हवेत धरलं, आणि मग पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, वळणदार अक्षरात लिहिलं. चार हजार रुपयांची पेन्शन असो की चाळीस हजारांची, सरकार वर्षातून एकदा त्या माणसाला समोर बघतं. तिचं उरलेलं आयुष्य कुठे जायचं हे ठरवतानाही कुणीतरी तिच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढून बसायला हवं होतं.

ती ‘काहीच कळत नाही’ या अवस्थेत नाही. त्याच पावसाळ्याच्या आधी मी तिला एक लग्नपत्रिका दाखवायला नेली होती. कुणाचं लग्न ते तिला कळलं नाही. तीनदा सांगून झालं. पण पत्रिका हातात घेतल्यावर तिनं उशीखालून लाल पेन काढलं आणि ‘आशिर्वाद’मधली शि दीर्घ करून दिली. मग म्हणाली, “छापायच्या आधी दाखवत का नाही रे तुम्ही?” मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ चं कलम ४ सांगतं की उपचारांविषयीची माणसाची निर्णयक्षमता त्याला माहिती समजते का, परिणाम उमगतो का, आणि बोलून, हावभावानं किंवा खुणेनं तो आपलं म्हणणं पोचवू शकतो का, यावर पाहायची. त्या कसोटीवर आत्या काही बाबतींत नक्की नापास होईल. बँकेचे व्यवहार तिला जमणार नाहीत. पण कुठे झोपायचं, कुणाला भेटायचं, काय खायचं नाही, हे तिला अजून सांगता येतं. निर्णय एकगठ्ठा काढून घेण्याची गरज नव्हती.

मी एका सहकारी बँकेत २८ वर्षं नोकरी केली. खातेदार वारला आणि नामनिर्देशन केलेलं नसलं, तर दावा करणाऱ्या वारसाला आम्ही बाकीच्या सगळ्या वारसांच्या सह्या आणायला लावत असू. रक्कम किरकोळ असली तरी. एखादा भाऊ परदेशात असायचा, एखादी बहीण बोलत नसायची, लोक काउंटरवर वैतागायचे. तरी आम्ही सह्या आणायलाच लावायचो, कारण पैसे एकाच्या हाती गेल्यावर बाकीच्यांनी विचारलं तर उत्तर काय देणार? तिथे माणूस गेलेला असायचा. इथे माणूस जिवंत आहे, आणि तिचं घर, पेन्शन, औषधं, तिला कुणी भेटायचं, हे सगळं एका सहीवर झालं.

लोक मला म्हणतात, वेळेवर कुलमुखत्यारपत्र करून ठेवायला हवं होतं. तेही मी काउंटरवर पुष्कळ पाहिलं. भारतीय करार अधिनियमाच्या कलम २०१ नुसार देणाऱ्याची बुद्धी स्थिर राहिली नाही की मुखत्यारीही संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी माणूस तो कागद करतो, त्याच दिवशी तो कागद निकामी होतो. बाकीच्या कायद्यांची अवस्था माझ्या वकील मैत्रिणीनं एका संध्याकाळी समजावून सांगितली आणि मी थक्क झाले. १८९० चा पालक व पाल्य अधिनियम अल्पवयीनांपुरता आहे. १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमात जिल्हा न्यायालयानं चौकशी करून पालक आणि मालमत्तेचा व्यवस्थापक नेमण्याचं एक अख्खं प्रकरण होतं. २९ मे २०१८ पासून २०१७ चा नवा कायदा लागू झाला आणि ते प्रकरण गेलं. नव्या कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधी आहे, पण तो उपचारांपुरता. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता एवढ्यांसाठी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये मर्यादित पालक आहे, विशिष्ट निर्णयापुरता, ठरावीक मुदतीपुरता आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार चालणारा. किती चांगली कल्पना! पण त्या कायद्याच्या यादीत पार्किन्सन नावानिशी आहे, डिमेन्शिया नाही.

मग उरतं काय? राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट. २०२० साली आपल्याच उच्च न्यायालयानं, कायद्यात तरतूद नसताना, बेशुद्धावस्थेत असलेल्या एका माणसाची पालक म्हणून त्याच्या पत्नीची नेमणूक केली. न्यायालय हेच अशा माणसाचं शेवटचं मायबाप, या तत्त्वावर. त्या कुटुंबाला त्यानं केवढा आधार मिळाला असेल. पण पुण्याच्या माणसाला त्यासाठी सकाळची डेक्कन क्वीन गाठून मुंबईला जावं लागतं. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, सातारा, सांगली, सोलापूरची सोय झाली. पुणे मुंबईलाच जोडलेलं राहिलं. म्हणून कुणी जवळच्या दिवाणी न्यायालयात अर्ज करतं, कुणी आणखी कुठली वाट काढतं. प्रत्येक प्रकरण ज्याच्या त्याच्या वकिलाच्या कल्पनेनं चालतं, आणि दारं बंद असल्यामुळे एकाला काय मिळालं ते दुसऱ्याला कळत नाही.

केरळ उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये अशाच पोकळीत बेशुद्धावस्थेतल्या रुग्णांसाठी स्वतः नियम घालून दिले. पुढे जे वारस ठरू शकतात त्या सगळ्यांना प्रकरणात पक्षकार करायचं. रुग्णाची सगळी मालमत्ता उघड करायची. वैद्यकीय मंडळानं तपासायचं, त्यात मेंदूविकारतज्ज्ञ हवाच. तहसीलदारापेक्षा कमी नाही अशा महसूल अधिकाऱ्यानं त्या घरी जाऊन बघायचं आणि जवळचे नातेवाईक कोण, त्यांची परिस्थिती काय, याचा अहवाल द्यायचा. पालकत्व ठरावीक मालमत्ता आणि खात्यांपुरतंच, आणि दर सहा महिन्यांनी हिशेब. हे वाचताना माझ्या मनात तो घरी येणारा तहसीलदारच राहिला. नारायण पेठेतल्या त्या जिन्यानं तो वर चढला असता, समोरच्या काकूंशी चार शब्द बोलला असता, तर मंगळवार-शनिवारचं त्याला तिथेच कळलं असतं.

आपल्याकडच्याच एका कायद्यानं तर मला नातेवाईक आधीच मानलेलं आहे. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाच्या कायद्यात निपुत्रिक ज्येष्ठाचा ‘नातेवाईक’ म्हणजे त्याची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा त्याच्या मागे ज्याला ती मिळेल तो सज्ञान वारस. अशा वारसानं त्याचा सांभाळ करायचा, आणि वारस अनेक असतील तर ज्याला जितका वाटा मिळणार त्या प्रमाणात. उद्या आत्याच्या खाण्यापिण्याचे हाल झाले तर प्रांतांपुढच्या न्यायाधिकरणात मला उभं करता येईल, महिन्याला पोटगी द्यायला लावता येईल. तेव्हा मी नातेवाईक. मग तिला कुठे ठेवायचं हे ठरताना मी परकी कशी?

याच वारशामुळे माझ्याविषयीही संशय घ्यायला जागा आहे, हे मला कळतं. नारायण पेठेतल्या दोन खोल्यांची आजची किंमत सगळ्यांना माहीत आहे. चुलतभावाच्या हेतूची चौकशी व्हावी असं म्हणताना माझ्या हेतूचीही व्हायला हवी. म्हणून तर सगळ्यांना एका खोलीत बोलवा म्हणते. आदेश ३२-अ मध्येच पुढे नियम ४ आहे, कुटुंबकल्याणाच्या क्षेत्रातल्या जाणकार व्यक्तीची मदत घेण्याचा. नियम ५ आहे, वस्तुस्थितीची शक्य तितकी चौकशी करणं हे न्यायालयाचं कर्तव्य असल्याचा. दार लावण्याचा नियम जसा पाळला जातो तसे हे दोन पाळले गेले असते, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

बंद खोलीला माझा सरसकट विरोध नाही. आत्याच्या अंथरुणात काय होतं, ती कुणाला काय बोलते, हे वर्तमानपत्रात यावं असं मला वाटत नाही. तिला स्वतःला तर मरणप्राय वाटेल. नरेश श्रीधर मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६६ च्या निकालात नऊ न्यायाधीशांचं पीठ होतं, बहुमताचा निकाल सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी लिहिला, आणि प्रकरण निघालं होतं आपल्याच मुंबई उच्च न्यायालयातून. न्याय उघड्यावर व्हावा हा नियम, आणि न्यायाच्याच हितासाठी गरज पडली तर दार लावण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, असं ते म्हणाले. नियम कोणता आणि अपवाद कोणता, याची तिथे गल्लत नाही. आणि दार कुणासाठी लावायचं? म्हातारीची अब्रू राखायला. तिच्याविषयी निर्णय घेणाऱ्यांना प्रश्न विचारले जाऊ नयेत म्हणून दार लावणं ही वेगळी गोष्ट आहे.

इंग्लंडनं हा धडा एका मुलीला तुरुंगात घालून घेतला. तिथे २००५ च्या कायद्यानं निर्णयक्षमता गमावलेल्या माणसांसाठी ‘कोर्ट ऑफ प्रोटेक्शन’ नावाचं न्यायालयच आहे, आणि त्याचं काम वर्षानुवर्षं बंद दाराआड चाले. २०१२ मध्ये स्टोक-ऑन-ट्रेंट शहरातल्या एका बाईनं डिमेन्शिया झालेल्या वडिलांना न्यायालयाचा आदेश डावलून केअर होममधून बाहेर नेलं, म्हणून न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिला पाच महिन्यांची शिक्षा झाली. सुनावणीला ती नव्हती, तिचा वकीलही नव्हता. तिनं सहा आठवडे तुरुंगात काढले, आणि देशाला हे कळलं दुसऱ्या वर्षी. लोक खवळले. त्यानंतर तिथल्या न्यायाधीशांनी हळूहळू दार उघडलं. जानेवारी २०१६ पासून त्या न्यायालयाच्या सुनावण्या साधारणपणे उघड्या होऊ लागल्या, मात्र त्या म्हाताऱ्या माणसाचं आणि कुटुंबाचं नाव छापायला मनाई. कुणीही जाऊन मागच्या बाकावर बसू शकतं, पण बाहेर येऊन ओळख सांगू शकत नाही. नाव झाकून न्याय उघडा ठेवता येतो, हे तिथे गेली कित्येक वर्षं चाललं आहे. आपणही संवेदनशील खटल्यांत नावाऐवजी अ, ब, क लिहून निकाल प्रसिद्ध करतोच.

आता माझं मागणं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १२२ नुसार उच्च न्यायालयाला पहिल्या अनुसूचीतले, म्हणजे आदेश ३२-अ सारखे, नियम आपल्या राज्यापुरते बदलता येतात, आणि त्याला राज्य शासनाची मान्यता लागते; म्हणून हे पत्र आपल्या दोघांना. ज्या प्रकरणात एक पक्षकार स्वतःचं म्हणणं मांडू शकत नाही, तिथे नियम २ मधली ‘पक्षकाराची इच्छा’ न्यायालयावर बंधनकारक नसावी. दार लावायचं तर न्यायालयानं कारण लिहून लावावं. आणि लावण्याआधी पुकारा करावा, अगदी शब्दशः. उद्याचे वारस कोण, आजवर जेवणखाण, औषधपाणी कोण बघत होतं, हे अर्जदारानं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं, आणि त्या प्रत्येकाच्या पत्त्यावर नोटीस जावी. ज्याला यायचं नाही तो येणार नाही. एखाद्या घरात म्हातारं माणूस ज्याच्या हातून मार खातं तोच नोटीस घेऊन हजर होईल, ही भीतीही मला आहे; त्याला न्यायालय बाहेर ठेवू शकतं, तेवढी ताकद न्यायालयाकडे आहे. बाकीच्यांनी आत बसून जे ऐकलं ते बाहेर बोलायचं नाही, अशी अट घाला. आम्ही पाळू.

कुणीतरी त्या माणसाला त्याच्या घरी जाऊन भेटावं. केंद्रात हलवल्यानंतर नव्हे, आधी. दुपारी चारला, जेव्हा तो ताजा असतो. कोणत्या कानानं ऐकू येतं ते विचारून. आदेश झाला की नावं झाकून, पण कारणांसह, तो निकाल लोकांना वाचायला मिळावा, म्हणजे पुढच्या घराला कळेल की न्यायालय काय पाहतं. पालकत्व मुदतीचं असावं, सहा महिन्यांनी हिशेब व्हावा, आणि त्या हिशेबात पैशांबरोबर भेटींचाही हिशेब असावा: कोण भेटायला आलं, कुणाला परत पाठवलं आणि का. शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. पैसे खाल्ले तर पुढेमागे वसूल होतील. डिमेन्शियात गेलेला महिना परत येत नाही. पावसाळ्यात ती मला नावानं हाक मारत होती. आता ‘अगं’ म्हणते.

सिंहगड रस्त्याच्या पुढे एका केंद्रात ती असते. जागा स्वच्छ आहे, बायका प्रेमळ आहेत, खिडकीतून डोंगर दिसतो. पहिल्यांदा गेले तेव्हा व्यवस्थापकांनी वही उघडून माझं नाव शोधलं, ते यादीत नव्हतं. “पालकांची लेखी परवानगी आणा,” म्हणाले. त्यांनी साधाच शब्द वापरला, पण ३१ वर्षं प्रगतिपुस्तकावर पालकांची सही मागणाऱ्या बाईसाठी तो ऐकून मला बाहेरच्या बाकावर बसावं लागलं. जाळीच्या दारातून ती दिसत होती. पाठमोरी, शेंगा सोलत.

पाच आठवड्यांनी भावानं सही करून कागद दिला. मी आत गेले, उजव्या बाजूला खुर्ची ओढून बसले. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि शाळेतल्या आवाजात विचारलं, “पालकांची सही आणलीस?” तो शब्द तिनं त्या दिवसांत किती जणांच्या तोंडून ऐकला असेल कोण जाणे. मी पर्समधून कागद काढून तिच्या हातात दिला. तिनं चष्मा सारखा केला, वरपासून खालपर्यंत सगळा वाचला, सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “यावर तारीख नाहीये.”

खरंच नव्हती.

आपली नम्र,
कोथरूड, पुणे येथील एक भाची